जैसलमेरला माळढोक बघायला जाताय? ‘नॅशनल पार्क सफारी’चे पैसे भरण्याआधी हे वाचा

जैसलमेरमध्ये ‘डेझर्ट नॅशनल पार्क सफारी’ म्हणून जे विकलं जातं, त्यातलं सगळंच नॅशनल पार्क नसतं. आम्हाला 11,000 रुपयांना जे विकलं, ते तर मुळीच नव्हतं. या मोसमात तिकडे जाणारे बरेच जण असतील, म्हणून सगळं तपशिलात लिहिते.

आम्ही वाळूसाठी गेलोच नव्हतो. माझे वडील, अण्णा, मूळचे सोलापूरकडचे. नान्नजचं माळढोक अभयारण्य 1979 साली झालं, त्याच्या कितीतरी आधीपासून त्या माळावर त्यांनी हा पक्षी चालताना पाहिला होता. मीटरभर उंच, पांढरी मान, डोक्यावर काळी टोपी. आता आपल्याकडे माळढोक दिसणं जवळजवळ संपलंच आहे. जगात मिळून दीडशेच्या आतबाहेर उरलेत आणि त्यातले बहुतेक जैसलमेरच्या आसपास. अण्णांचे गुडघे आता साथ देत नाहीत. पुढच्या वर्षी इतका प्रवास झेपेल की नाही, माहीत नाही. म्हणून यंदा जायचंच ठरवलं.

हॉटेलचं बुकिंग झालं आणि दुसऱ्याच दिवशी ‘ट्रॅव्हल डेस्क’वरून फोन आला. मी माळढोकबद्दल विचारलं. तिकडे त्याला गोडावण म्हणतात, राजस्थानचा तो राज्यपक्षी. “मॅडम, गोडावण की गॅरंटी है. सुदासरी ले जाएँगे, अंदर से ब्रीडिंग सेंटर भी दिखा देंगे.” सुदासरी म्हणजे नॅशनल पार्कमधली माळढोक बघायला जायची जागा. माणशी 2,200 रुपये, त्यात परमिट, जीप आणि गाईड. आम्ही पाच जण. परमिट आदल्या दिवशी काढावं लागतं, त्यामुळे सगळे पैसे आधीच हवेत, असं सांगितलं. यूपीआयवर नाव हॉटेलचं नव्हतं, कुणा व्यक्तीचं होतं. विचारलं तर म्हणाला, मालकाच्या भावाचं खातं आहे.

हॉटेलवर पोचल्यावर ‘परमिट’ हातात दिलं. ती चिठ्ठी अजून माझ्याकडे आहे. गुळगुळीत कागद, वर मोठ्या अक्षरात ‘डेजर्ट नेशनल पार्क जंगल सफारी परमिट’, कोपऱ्यात पक्ष्याचा रंगीत फोटो, खाली एक गोल शिक्का. शिक्क्याच्या कडेची अक्षरं इतकी पसरलेली की ‘राजस्थान’ सोडून काही वाचता येत नाही. पावती क्रमांक नाही, गाडीचा नंबर नाही, आमच्यापैकी कुणाचं नाव नाही. फक्त ‘5 व्यक्ति’ पेनाने लिहिलेलं.

निघायची वेळ दिली दुपारी दोनची. पक्षी बघायला दुपारी कशाला, असं अण्णांनी लगेच विचारलं. ड्रायव्हर म्हणाला, तिकडे संध्याकाळीच दिसतात. सम रस्त्याला लागलो, कुलधाराचा फाटा मागे पडला आणि त्याला एक फोन आला. बोलून झाल्यावर त्याने सांगितलं की सुदासरी आज बंद आहे, बॉर्डरवर फौजेचा सराव चालू आहे. पण काळजी नको, समसुद्धा नॅशनल पार्कचीच हद्द, परमिट तिथेही चालतं.

हे अर्धसत्य फार चलाखीचं आहे. समच्या वाळूच्या टेकड्या शहरापासून चाळीसेक किलोमीटरवर आहेत आणि राष्ट्रीय उद्यानाला लागून आहेत, त्यामुळे नकाशा उघडून बघणाऱ्यालाही पटतं. तिथे आम्हाला एका उघड्या जीपमध्ये चढवलं. बसायला जागा नाही, लोखंडी दांड्याला धरून उभं राहायचं. ती जीप टेकड्यांवरून भरधाव वर-खाली आदळत नेली, कानठळ्या बसवणारी गाणी लावून. अण्णांनी दोन्ही हातांनी दांडा धरला होता आणि आई त्यांना मागून धरून उभी होती. थांबवा म्हणून ओरडलो, तेव्हा कुठे थांबवली. ही त्यांची सफारी. पुढे उंटवाला आला, त्याचे पैसे वेगळे. त्यानेही अर्ध्या वाटेत उंट थांबवून ‘सनसेट पॉइंट’पर्यंत जायचे आणखी मागितले. अण्णांनी ड्रायव्हरला एवढंच विचारलं, “और गोडावण?” तो म्हणाला, “अभी सीझन नहीं है, बाबूजी.”

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण या फसवणुकीचा सगळा डोलारा तिच्यावरच उभा आहे. वाळवंट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर वाळूचे डोंगर येतात. डेझर्ट नॅशनल पार्क जैसलमेर आणि बाडमेर या दोन जिल्ह्यांत 3,162 चौरस किलोमीटरवर पसरलेलं आहे आणि त्यातला जेमतेम पाचवा हिस्सा वाळूच्या टेकड्यांचा आहे. उरलेलं म्हणजे खडकाळ माळ, खारट सखल जमीन, सेवण गवताची कुरणं, मधूनमधून खेजडी आणि केर. माळढोक राहतो तो या गवतात. मादी उघड्या जमिनीवर अंडं घालते, बहुतेक वेळा एकच. चिंकारा, वाळवंटी कोल्हा, सांडा, हिवाळ्यात येणारी गिधाडं आणि गरुड हे सगळंही त्या माळावरच. आपल्या सोलापूरच्या माळावर वाढलेल्या माणसाला ती जमीन बघताच ओळखू आली असती. आम्हाला तिथे नेलंच नाही. जे आपल्या कल्पनेत आधीच आहे ते वाळूचं चित्र दाखवलं की माणूस नॅशनल पार्क पाहिल्याच्या समाधानात परत जातो, आणि विकणाऱ्यांना हे पक्कं माहीत आहे. त्या जीपमधली आजूबाजूची कुटुंबं खरंच तशा समाधानात होती, याचं मला जास्त वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ‘भरपाई’ म्हणून त्याच ड्रायव्हरने अकलला नेलं. जागा अस्सल आहे, आवर्जून बघा. बाडमेर रस्त्यावर सतराएक किलोमीटरवर सुमारे 18 कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांचे खोड दगड होऊन पडलेले आहेत. काहींवर जाळीचे पिंजरे आणि पत्र्याचं छप्पर आहे. लाकडाचे रेषे दगडात अजून दिसतात. अण्णा एका खोडापाशी बराच वेळ उभे होते. पण बाहेर ड्रायव्हरच्या ओळखीचा एक माणूस आला आणि पिशवीतून ‘जीवाश्म’ काढून दाखवू लागला, 1,500 रुपयांना एक. मी तुकडा हातात घेतला. पिवळट दगड, त्यावर पॉलिश, आणि रेषा एकसारख्या अंतरावर कोरलेल्या. असला तुकडा खोटा असेल तर तुम्ही साधा दगड विकत घेता, आणि खरा असेल तर संरक्षित स्मारकातून चोरलेला माल. दोन्ही बाजूंनी नकोच.

तिथून आम्ही आमचे आम्ही रिक्षाने वनखात्याच्या कार्यालयात गेलो. चिठ्ठी दाखवली. तिथल्या कर्मचाऱ्याने ती हातात घेतली आणि सांगितलं की असं परमिट खातं देतच नाही. सुदासरी आदल्या दिवशी चालू होतं, लोक जाऊनही आले होते. प्रजनन केंद्रं ही पर्यटकांना फिरवण्याची जागाच नाही. चिठ्ठीवरचा फोटो आफ्रिकेतल्या कोरी बस्टर्डचा आहे, हेही त्यानेच दाखवलं. करड्या मानेचा, मागे तुरा असलेला. आमची परतीची गाडी दुपारची होती. सुदासरी शहरापासून साठेक किलोमीटर. वेळ उरलाच नव्हता. अण्णा गाडीत काही बोलले नाहीत.

हॉटेलच्या मॅनेजरने हात वर केले, ट्रॅव्हल डेस्क वेगळ्या माणसाला चालवायला दिलाय म्हणाला. डेस्कवरच्या मुलाने 2,000 रुपये परत देऊ केले, अट अशी की कुठे काही लिहायचं नाही. ते मी घेतले नाहीत.

पर्यटकांना गाठून गळ्यात काही मारणाऱ्या दलालांना राजस्थानात ‘लपके’ म्हणतात. त्यांच्याविरुद्ध तिथे 2010 चा कायदा आहे, आणि 2021 च्या दुरुस्तीने हे गुन्हे दखलपात्र केले आहेत, म्हणजे पोलिसांनी तक्रार घेतली पाहिजे. तुमच्यावर अशी वेळ आली तर गाव सोडण्याआधी पर्यटक साहाय्यता दल किंवा ठाण्यात लेखी तक्रार द्या, कारण घरी पोचल्यावर पाठपुरावा फार अवघड जातो. ऑनलाइन पैसे गेले असतील तर 1930 वर लगेच फोन करा, जितका उशीर तितकी रक्कम खात्यातून पुढे सरकते. ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे. मी तिन्हीकडे कळवलं आहे. पैसे अजून आलेले नाहीत.

जाणार असाल तर गाडी आणि प्रवेश या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. गाडीवाल्याशी फक्त किलोमीटर आणि तासांचा दर ठरवा, प्रवेशाचे पैसे त्याच्या हातात देऊ नका. वनखात्याच्या कार्यालयात आदल्या दिवशी स्वतः जाऊन सुदासरी चालू आहे का, प्रवेश कसा घ्यायचा हे विचारा. कधी कधी ते खरंच बंद ठेवतात, पण ते खात्याकडून कळू द्या, ड्रायव्हरला आलेल्या फोनवरून नको. पहाटे निघा. तीन हजार चौरस किलोमीटरमध्ये शंभरसव्वाशे पक्षी, त्याची गॅरंटी कुणीच देऊ शकत नाही. जो देतो त्याच्याशी पुढे बोलूच नका. आणि जैसलमेरला किमान एक दिवस मोकळा ठेवा, म्हणजे काही बिनसलं तरी दुसरी सकाळ हातात राहते.