गाव हलवायचं की जागेवरच बांधायचं?

भूकंपानंतर पुनर्वसन कसं करावं, असा पेच एका मैत्रिणीला पडलाय. आपल्याकडे दोन्ही प्रयोग झालेत.

किल्लारी, १९९३: दगडमातीची जड घरं कोसळली. पार उद्ध्वस्त झालेली गावं नव्या जागी वसवली. घर आयतं मिळालं, पण शेत लांब पडलं, गल्ली विस्कटली. गोठ्याचा विचार आराखडा काढणाऱ्याला कुठून सुचणार!

भूज, २००१: बहुतेकांनी जागेवरच, स्वतः बांधलं. मदत हप्त्यांनी, काम तपासून पुढचा हप्ता. दगदग घरमालकाची, पण घर मनासारखं. गुजरातने लगेच आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण नेमलं, २००३मध्ये कायदा केला; देशाचा २००५मध्ये आला.

जमीनच धोक्याची असेल तर हलवा. निराधार वृद्धांना बांधूनच द्या. बाकीच्यांसाठी माझं मत भूजला, मात्र गवंड्यांना आधी शिकवा.