वंशावळीसाठी आयडीरेफ घ्यावे की कीरेफ?

बडोद्यात दांडिया बाजारात राहणाऱ्या माझ्या काकांनी जपलेली घराण्याची वंशावळ मी गेल्या वर्षी एक्सएमएलमध्ये, म्हणजे माहिती नावाच्या खुणांमध्ये (घटकांत) बसवून लिहिण्याच्या संगणकी पद्धतीत, उतरवली. मुलाचा घटक वडिलांच्या घटकात बसवण्याची माझी पहिली योजना दत्तकाच्या नोंदीपाशीच मोडली, कारण एक घटक दोन पालकांच्या पोटात राहू शकत नाही. सयाजीराव महाराजांचेच पाहा : 1863 मध्ये कवळाणे येथे जन्मलेल्या गोपाळरावांना महाराणी जमनाबाईंनी 1875 मध्ये दत्तक घेतले. अशी दोन्ही नाती ठेवायची, तर व्यक्तींची यादी सपाट ठेवून नाती संदर्भाने जोडणे भाग आहे.

डीटीडीतील, म्हणजे एक्सएमएल फाइलीची रचना ठरवणाऱ्या आटोपशीर नियमावलीतील, आयडी (घटकाची ओळख) आणि आयडीरेफ (त्या ओळखीकडे बोट दाखवणारा संदर्भ) दोन ओळींत जाहीर होतात, हा त्यांचा मोठा गुण. आयडी अंकाने सुरू होत नाही, म्हणून वहीतला 12 क्रमांक ‘व12’ करावा लागला, पण तेवढे चालते. खटकले ते वेगळेच. असा आयडी दस्तऐवजात कुठेतरी आहे ना, एवढेच आयडीरेफ पाहते. तो कशाचा आहे, हे पाहत नाही. आमच्या फाइलीत गावांनाही आयडी होते. एका रात्री जनक-पित्याच्या जागी ‘व12’ऐवजी ‘ग12’ टंकले गेले, तपासणीत एकही चूक निघाली नाही, आणि छापील पानावर पणजोबांच्या वडिलांच्या जागी पेटलाद आले. काकांनी चष्मा कपाळावर सरकवून विचारले, “हे पेटलादराव कोण रे?”

स्कीमा या दुसऱ्या, अधिक तपशीलवार नियमावलीतील की (ओळख) आणि कीरेफ (संदर्भ) मात्र संदर्भ व्यक्तींच्याच यादीत शोधतात, त्यामुळे तीच चूक तेथे लगेच पकडली गेली. शिवाय व्यक्ती 12 आणि गाव 12 सुखाने एकत्र नांदतात. अर्थात स्कीमा लिहायला लांबलचक आहे, आणि मूळ नेमस्पेसला (घटकांची नावे कोणत्या संचातली ते सांगणाऱ्या नावाला) उपसर्ग न देता निवडीचा मार्ग, म्हणजे कोणते घटक तपासायचे ते, लिहिला, तर काहीच निवडले जात नाही व तपासणी गुपचूप पार पडते. त्यात माझे दोन दिवस गेले. नोंदी मोजक्या आणि एकाच प्रकारच्या असतील, तर आयडीरेफ पुरेसे ठरावे, असे मला वाटते.

आयडीरेफ्समध्ये, म्हणजे आयडीरेफच्या अनेकवचनी प्रकारात, एकाच गुणधर्मात चार संदर्भ लिहिता येतात, कीरेफसाठी मात्र प्रत्येक नात्याचा वेगळा घटक करावा लागतो. प्रथम ते जाचक वाटले; पण त्याच घटकात दत्तकविधानाचे सालही लिहिता आले, जे काकांच्या वहीत समासात कोंबलेले होते.