जिना चढणारी ट्रॉली: सात महिन्यांनंतर

सात महिन्यांत या ट्रॉलीवरून आमच्याकडचे तीन जड नग वरच्या मजल्यावरून खाली आले: वॉशिंग मशीन, लोखंडी कपाट आणि फ्रिज. घेतली होती मुळात सामान वर चढवायला. त्या कामाला ती झकास आहे, त्यावर फार लिहीत नाही. उतरवण्याचं प्रकरण वेगळं.

हिच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन चाकांचा त्रिकोण असतो. चढताना एक चाक पायरीला अडतं, त्रिकोण फिरतो आणि पुढचं चाक वरच्या पायरीवर टेकतं. उतरतानाही तो तसाच फिरतो, पण मोकळा. त्याला ब्रेक नाही. हे मला पहिल्या नगाच्या वेळी, तिसऱ्या पायरीवर कळलं.

मशीन ७२ किलोचं, समोरून दार असलेलं. धुताना नाचू नये म्हणून अशा मशीनच्या पोटात काँक्रीटचे ठोकळे बसवलेले असतात, त्यामुळे ते दिसतं त्यापेक्षा फारच जड निघतं. वरून हँडल मी धरलेलं, खाली टेकू द्यायला दादा. दोन पायऱ्या ठीक गेल्या. तिसरीला त्रिकोण गरकन फिरला, दणका बसला आणि माझे हात खांद्यातून निघतात की काय असं झालं. दादाने मागच्या मागे चौकात उडी मारली म्हणून निभावलं. जड वस्तूच्या खालच्या बाजूला माणूस उभा करणं हा आमचा शुद्ध मूर्खपणा होता. पस्तीस अंशांच्या जिन्यावर ७२ किलोंपैकी चाळीसेक किलोंचा ओढा सतत खाली असतो, वर प्रत्येक पायरीचा हिसका निराळा.

मग दोर आणला. कठड्याला बांधायचा मोह होतो, पण कठडा हात टेकायला असतो, असला भार पेलायला नव्हे. जिन्याच्या माथ्यावर आमच्या खोलीचं दार आहे. दारापेक्षा रुंद असा जाड लाकडी वासा खोलीच्या आतून दोन्ही बाजूंच्या भिंतींना आडवा टेकवला आणि दोराचे त्याला दोन वेढे दिले. वासा चौकोनी हवा. गोल पाइप वेढ्यांबरोबर स्वतःच फिरू लागतो. दोराचं टोक ट्रॉलीच्या सांगाड्याला बांधायचं, सामानाच्या पट्ट्याला नाही. दादा आत बसून एका हाताने दोर सोडत होता, मी वरच्या बाजूला राहून नुसती दिशा देत होतो. उरलेल्या पायऱ्या आम्ही गप्पा मारत उतरलो.

कपाटाचे खण काढून, दारं कुलूपबंद करून, किल्ली खिशात टाकली. दोन पट्टे लावले, कारण एकाच पट्ट्यावर कपाटाचं डोकं डोलतं. खरी कटकट मधल्या चौकात झाली. सपाट जागेवर चार चाकं एकदम टेकतात, त्यामुळे ट्रॉली जागच्या जागी वळतच नाही. शेवटी जुनं पोतं अंथरलं, ट्रॉली त्यावर घेतली आणि पोतंच ओढून वळवलं. फ्रिज त्यामानाने सोपा गेला. तो कलता आला, आडवा झाला नाही, तरीही कॉम्प्रेसरमधलं तेल परत जागेवर यावं म्हणून खाली आणल्यावर काही तास बंद ठेवला.

आता झीज. प्रत्येक जड नगानंतर चाकांचे नट ढिले होतात, पाना हाताशी ठेवावा लागतो. एका चाकाचं रबर कडेने सुटायला लागलंय. खालचा पत्रा जरासा वाकलाय आणि त्याच्या कडेने आमच्या एका पायरीचा टवका उडालाय. आता पायऱ्यांच्या कडांवर आधी जाड पुठ्ठा चिकटवतो.

वळणावर त्रिकोणी पायऱ्या असलेला जिना असेल तर मात्र ही घेऊ नका. तिथे आतल्या बाजूचं चाक आधी खाली पडतं, बाहेरचं वरच राहतं आणि सगळा भार एका अंगावर कलंडतो. मामांच्या घरी रिकामी ट्रॉली घेऊन करून पाहिलं, तीसुद्धा आडवी झाली.