जुनी झेन, पीयूसी नापास आणि सिंहगड रोडचं एक गॅरेज (पाचपैकी साडेचार)

गॅरेजचं नाव टाकत नाहीये, कारण मिस्त्रींनीच सांगितलंय की ताई काय लिहायचं ते लिहा पण नाव नको, एक रॅम्प आणि दोन पोरं आहेत, गर्दी झाली की काम बिघडतं. सिंहगड रोडच्या बाजूला आहे एवढंच सांगते, ज्याला खरंच गरज आहे त्याने मेसेज करा.

गाडी मारुती झेन, २००५ची, पेट्रोल, एमपीएफआय म्हणजे कार्ब्युरेटर नसलेली, इंजेक्टरवाली. सासऱ्यांची. विकायचा विषय काढला की ते पेपर उघडून बसतात, त्यामुळे तो विषय बंद. २०२०ला १५ वर्षं झाली तेव्हा आरसी रिन्यू केली होती, आता २० झाली म्हणजे परत आरटीओ आणि परत फिटनेस, आणि ऑगस्ट २०२५मध्ये २० वर्षांवरच्या कारची रिन्यूअल फी ५ हजारांवरून थेट १० हजार केली, पर्यावरण कर वेगळाच. तेही भरले असते हो, पण त्याच्या आधी पीयूसी चालू पाहिजे ना, आणि तिथेच गाडी अडकली.

मशीनवर आकडे आले सीओ (कार्बन मोनॉक्साइड) १.९ टक्के आणि एचसी (न जळलेलं पेट्रोल) ३८०. या गाडीला, म्हणजे बीएस टू-बीएस थ्रीवाल्या (बीएस म्हणजे भारत स्टेज, धुराच्या नियमांचे टप्पे) पेट्रोल कारला, लिमिट आहे सीओ ०.५ आणि एचसी ७५०. त्याच्या आधीच्या कार्ब्युरेटरवाल्या गाड्यांना सीओ ३ टक्के आणि एचसी १५०० पर्यंत चालतं, त्यामुळे कोणी म्हणालं की माझी ९६ची एटहंड्रेड आरामात पास होते मग तुमची का नाही, तर त्याचं उत्तर हे. बीएस फोरपासून पुढे तर ०.३ आणि २०० आहे, शिवाय २५००च्या आसपास आरपीएम ठेवून वेगळी टेस्ट. आपली त्यातून सुटली.

पीयूसीवाला पोरगा चांगला होता, तो म्हणाला मॅडम ट्यूनिंग करून या. दुसऱ्या एका ठिकाणी मात्र ऐकायला मिळालं की गाडी कशाला आणताय, नंबरप्लेटचा फोटो पाठवा, बाकी आम्ही बघतो. अजून एकाने नळी अर्धवटच सायलेन्सरमध्ये घालून "बघा, कमी आलं" करून दाखवलं, अरे बाहेरची हवा मिसळली की कमीच येणार ना! खोटा कागद घेऊन दंड वाचेल (पीयूसी नसेल तर कायद्यात १० हजारांपर्यंत आहे), पण गाडी लिटरला दहा-अकरा देतेय आणि मागे उभं राहिलं की डोळे चुरचुरतात, ते कागदाने कसं जाणार.

मग एका मोठ्या चकचकीत वर्कशॉपमध्ये नेली. एसी वेटिंग रूम, कॉफी, टॅबवर फोटो काढणारा अॅडव्हायझर, आणि गाडीचं बॉनेटसुद्धा न उघडता निदान काय तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या लाइनमधला, धूर साफ करणारा डबा) गेलाय, नवीन टाका, वीस हजारांच्या वर जाईल, आणि लॅम्डा सेन्सर (धुरातला ऑक्सिजन बघणारा) पण बदलून घ्या सोबत. मी विचारलं चेक कसं केलं, तर म्हणे जुन्या गाड्यांना हेच असतं मॅडम, आणि पुढचं सगळं माझ्या नवऱ्याकडे बघून बोलायला लागला, ज्याला स्टेपनी कुठे आहे तेही माहीत नाही. इंजेक्टर क्लीनरची बाटली मात्र तिथल्या सल्ल्याने टाकीत ओतली, तिच्याने आकड्यात काही म्हणजे काहीच फरक पडला नाही.

आता या गॅरेजबद्दल. मिस्त्रींनी पीयूसीची नापास स्लिप मागितली आणि आधी ती वाचली. हे मला तिथेच आवडलं. म्हणाले, "एचसी लिमिटमध्ये आहे ना, म्हणजे मिसफायर नाही, प्लग-वायरीच्या मागे लागायचं नाही. सीओ जास्त म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. कोणीतरी त्या ईसीएमला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, चुकीचं सांगतंय, कोण ते शोधायचं." प्लग काढून दाखवले, चारही प्लग सारखेच काळेकुट्ट, कोरडी काजळी, बोटाला लागणारी. एखादाच काळा असता तर त्या सिलिंडरचा प्रॉब्लेम, चारही म्हणजे सगळीकडेच मिक्स्चर रिच, हवेच्या मानाने पेट्रोल जास्त. एअर फिल्टर बघितला, ठीक होता.

मग लॅम्डा सेन्सरला मल्टिमीटर लावला. स्कॅनर का नाही विचारलं तर म्हणाले एवढ्या जुन्या गाडीला तुमच्या मोबाईलचा ब्लूटूथवाला चालत नाही. सेन्सर चांगला असला तर गरम झाल्यावर आकडा ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सारखा वरखाली नाचतो. आमचा ०.८च्या वरच बसलेला, पण मिस्त्रींनी एक व्हॅक्यूमचा पाइप क्षणभर काढून हवा आत घेऊ दिली तर लगेच खाली आला. म्हणजे सेन्सर जिवंत आहे, बिचारा खरंच सांगतोय की पेट्रोल जास्त आहे, पण त्याचं कोणी ऐकत नाहीये. तीन-चार हजार तिथेच वाचले.

आणि मग जे केलं ते मी उभं राहून बघितलं, गंमत आहे. गाडी रात्रभर त्यांच्याकडेच होती म्हणजे एकदम थंड. सकाळी स्टार्ट केली आणि रेडिएटरच्या वरच्या जाड पाइपवर हात ठेवून उभे राहिले, मलाही म्हणाले ठेवा. मिनिटाभरातच पाइप कोमट लागायला लागला. "हे व्हायला नको," म्हणाले. थर्मोस्टॅट असला तर हा पाइप बराच वेळ थंडच राहतो, आत पाणी ऐंशी-ब्याऐंशी डिग्रीला गेलं की व्हॉल्व्ह उघडतो आणि मग पाइप एकदम चटका बसण्याइतका तापतो. आमचा हळूहळू कोमट होत गेला याचा अर्थ व्हॉल्व्ह उघडाच अडकलाय, नाहीतर नाहीच. हाउसिंग खोललं तर आत काही नव्हतं! रिकामं! कधीतरी कोणत्या तरी मेकॅनिकने गाडी गरम होते म्हणून थर्मोस्टॅटच काढून फेकलेला. हा आपल्याकडचा सर्रास उद्योग आहे म्हणे, उन्हाळ्यात गाडी तापली की रेडिएटर साफ करायचं सोडून व्हॉल्व्ह काढायचा.

त्यामुळे झालं असं की इंजिन कधी नीट गरमच होत नव्हतं, टेंपरेचरचा काटा कायम खाली आणि रेडिएटर फॅनचा आवाज घरात कोणाला आठवत नाही. सासरे तर कौतुकाने सांगायचे, मारुतीचं इंजिन बघा किती थंड राहतं. पण ईसीएमला कूलंट सेन्सर सांगतोय इंजिन अजून थंड आहे, मग तो जुन्या चोकसारखं जास्त पेट्रोल सोडतच राहतो आणि लॅम्डाचं ऐकायची वेळच येत नाही. वर जास्तीचं पेट्रोल कॅटॅलिटिकमध्ये जाऊन जळतं, असंच चाललं असतं तर तो खरंच गेला असता. आणि नवीन वीस हजारांचा टाकला असता तर त्याचीही काही दिवसांनी वाट लागली असती.

नवीन थर्मोस्टॅट, गॅस्केट, रेडिएटर फ्लश, साध्या पाण्याऐवजी कूलंट, प्लगचा सेट, आणि पेट्रोलचा एक रबरी पाइप जो हाताने वाकवल्यावर चिरा दिसत होत्या (ई-ट्वेंटी, म्हणजे वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल आल्यापासून जुन्या गाड्यांचे पाइप बघतच चला असं त्यांचं म्हणणं), मजुरी धरून साडेतीन हजारांच्या आत. जुने पार्ट पिशवीत घालून दिले, न मागता.

पीयूसीला कसं जायचं तेही सांगितलं. अर्धा तास नीट चालवून मगच जा, घरातून काढून कोपऱ्यावरच्या पंपावर लगेच नको, एसी बंद, आणि लाइन मोठी असेल तर आयडलवर (नुसतं इंजिन चालू ठेवून) खूप वेळ उभी करू नका कारण कॅटॅलिटिक थंड पडतो. मी खडकवासल्यापर्यंत जाऊन आले, भजी बंधनकारक नव्हती पण खाल्ली. मशीनवर सीओ ०.२१, एचसी ११०. १२५ रुपये दिले, मोबाईलवर ओटीपी, सर्टिफिकेट हातात. सहा महिने, कारण वर्षभराचं बीएस फोरपासून पुढच्यांना मिळतं. मायलेज आता पंधराच्या आसपास आलंय आणि पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये वीस वर्षांच्या गाडीकडून अजून काय पाहिजे. फक्त आता फॅन लागला की सासरे घाबरतात, गाडी तापली म्हणतात.

अर्धा स्टार का कापला तर संध्याकाळी देतो म्हणाले आणि दिली दुसऱ्या दिवशी दुपारी, फोन उचलत नाहीत, स्टिअरिंगवर ग्रीसची बोटं होती, आणि बिल वहीच्या पानावर. बसायला जागा नाही, एक टायर आहे. ज्यांना अपॉइंटमेंट, पिकअप-ड्रॉप वगैरे लागतं त्यांना जमणार नाही.

गुरुवारी लाइट नसते म्हणून बंद, रविवारी दुपारपर्यंत चालू. असला पीयूसीचा प्रॉब्लेम असेल तर गाडी आदल्या रात्रीच नेऊन लावा, सकाळी ती थंड असल्याशिवाय ते हात लावत नाहीत, आणि नापास झालेली स्लिप सोबत न्या.