रोटोसाउंड स्विंग बेस ६६: ई ची तार बद्द वाजली, तर आधी हे बघा

मी बेस गिटार शिकवतो, त्यामुळे विद्यार्थ्यांच्या गिटारींना तारा चढवण्याचं कामही बहुतेक वेळा माझ्याकडेच येतं. नव्या सेटमधल्या तीन तारा खणखणीत आणि ई, म्हणजे सर्वांत जाड, खर्जाची तार, तेवढी बद्द, ही तक्रार कुठल्याही कंपनीच्या तारांबद्दल ऐकू येते. रोटोसाउंड कंपनीच्या स्विंग बेस ६६ या तारांच्या सेटवर मात्र ती फार खुपते, कारण हा सेट घ्यायचाच मुळी त्याच्या लखलखीत नादासाठी. स्टेनलेस स्टीलची राउंडवाउंड (गाभ्यावर गोल तार गुंडाळलेली) तार, पियानोच्या खर्जासारखी झणझणणारी. द हू या बँडचे जॉन एंटविसल यांनी १९६० च्या दशकात रोटोसाउंडबरोबर काम करून अशा तारा घडवून घेतल्या, आणि त्यानंतर बेस नुसता मागून धपधपणारा राहिला नाही.

मी ४५-१०५ चा सेट (सर्वांत बारीक आणि सर्वांत जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत) ३४ इंची स्केलच्या, म्हणजे तेवढ्या वाजणाऱ्या लांबीच्या, बेसवर वापरतो. पिकने वाजवा की स्लॅप करा (अंगठ्याने आपटून वाजवा), प्रत्येक सूर सुटा आणि स्पष्ट येतो. विशेष म्हणजे ई. तिची मूळ कंपनसंख्या जेमतेम ४१ हर्ट्झ. छोट्या स्पीकरमधून तो सूर कानाला कळतो तो वरच्या हार्मोनिक्समुळेच, म्हणजे मूळ सुराच्या पटीतल्या उपसुरांमुळेच. तेच दबले, की ई गेलीच म्हणून समजा.

आणि ते दबतात ते बहुधा तार चढवण्याच्या पद्धतीमुळे. १०५ ची, म्हणजे ई ची, तार जाड आणि ताठ. सॅडलवरून (ब्रिजवरच्या ज्या तुकड्यावर तार टेकते त्यावरून) ती कोनात वळायला हवी, पण कमान करून जाते. मग तारेची वाजणारी लांबी नेमकी कुठे सुरू होते तेच ठरत नाही, हार्मोनिक्स एकमेकांशी जुळत नाहीत आणि नाद लवकर विझतो. सॅडलच्या अगदी पुढे अंगठ्याने तार हलकेच खाली दाबायची, नटपाशीही (मानेच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीपाशीही) तसंच करायचं, आणि पुन्हा सुरात लावायची. एवढ्यानेच तार उघडलेली मी अनेकदा ऐकली आहे.

दुसरं कारण पीळ. पेगवर (तार ताणायच्या खुंटीवर) गुंडाळताना तारेला पीळ बसला आणि दुसरं टोक ब्रिजमध्ये अडकलेलं असलं, तर तो सुटायला जागाच नसते. तार पूर्ण सैल करून पेगमधून काढा, मोकळी सोडा, तिला स्वतःहून फिरू द्या आणि मग परत लावा. जास्तीची तार कापायची असेल तर आधी काटकोनात वाकवा आणि वाकवलेल्या जागेच्या पुढे कापा. सरळ तारेवर कटर चालवला तर वरचं वेटोळं आतल्या गाभ्यावर सैल पडू शकतं. तसं झालं की नवी तार घेण्यावाचून इलाज नाही.

अँपचे नॉब फिरवण्याआधी बेस नुसताच वाजवून बघा. मोकळी तार बद्द आणि फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) दाबलेली स्वच्छ, तर नटची खाच तपासा. दोन्हीकडे बद्द, तर सॅडल किंवा पीळ. अँपशिवाय छान वाजते पण अँपमधून दबते, तर पिकअपची (तारांची कंपनं टिपणाऱ्या भागाची) उंची.

मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचे बेसवादक जेम्स जेमरसन फ्लॅटवाउंड (गोल तारेऐवजी सपाट पट्टी गुंडाळलेल्या) तारा वर्षानुवर्षे बदलत नसत आणि त्यांचा तो गोल, बुजका नाद आजही लोक शोधत फिरतात. चारही तारा सारख्याच बुजक्या असतील तर तो एक रंग आहे. एकटीच ई मागे पडली, की बेसलाइन अधूनमधून गायब होते.

हा सेट मी मनापासून सुचवतो, दोन गोष्टी सांगून. स्टील बोटांना खरखरीत लागतं, सरकताना आवाज करतं, आणि निकेलच्या तारांपेक्षा फ्रेट लवकर झिजवतं. दुसरं म्हणजे ती लखलख कायमची नसते. घामाने आणि मळाने ती उतरते, म्हणून वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने चारही तारा खालून-वरून पुसून ठेवा. ज्यांना पहिल्या दिवसापासून मऊ, गोल आवाज हवा आहे त्यांनी फ्लॅटवाउंडच घ्यावेत.