हॅलोजन, कंपनीचा एलईडी आणि बाजारातला एलईडी बल्ब: रात्रीच्या रस्त्यावर कोणता घ्यावा

एलईडी चांगला की हॅलोजन, असं विचारलं की तुलना दोन वस्तूंची वाटते. प्रत्यक्षात ती तीन वस्तूंची आहे: कंपनीतूनच एलईडी बसवून आलेला हेडलाइट, कंपनीतून आलेला हॅलोजन हेडलाइट, आणि हॅलोजनच्या हेडलाइटमध्ये मूळ बल्ब काढून बसवलेला बाजारातला एलईडी बल्ब. पहिला बहुतेक वेळा सर्वांत चांगला असतो. दुसरा नीट राखला तर पुरेसा चांगला. तिसरा टाळावा. ॲक्सेसरीच्या दुकानात मात्र सगळ्यात आधी तिसराच पुढे केला जातो, म्हणून त्याच्यापासूनच सुरुवात.

ऑल्टो, जुनी स्विफ्ट अशा असंख्य गाड्यांत एच४ हा बल्ब असतो. १२ व्होल्ट, ६०/५५ वॅट. म्हणजे अप्परला (लांबच्या झोताला) ६० आणि डिप्परला (खाली झुकलेल्या झोताला) ५५. एकाच काचेत दोन फिलामेंट असतात. डिप्परच्या फिलामेंटखाली एक छोटी धातूची वाटी असते. ती खालच्या बाजूचा प्रकाश अडवते, त्यामुळे रिफ्लेक्टरचा फक्त वरचा भाग वापरला जातो आणि प्रकाश रस्त्यावर खाली पडतो. समोरच्याच्या डोळ्यांत जाऊ नये म्हणून उजेडाला जी वरची कड हवी असते, ती या वाटीमुळे तयार होते. रिफ्लेक्टरचा प्रत्येक कोपरा त्या बारीक फिलामेंटची जागा धरून घडवलेला असतो. फिलामेंट मिलिमीटरभर जरी सरकलं तरी झोत बिघडतो.

आता त्या जागी एलईडी बल्ब येतो. फिलामेंट सगळीकडे प्रकाश टाकतं. एलईडीच्या चिप पट्टीच्या दोन बाजूंना चिकटवलेल्या असतात आणि मधली पट्टी जाड असते, कारण उष्णता तिच्यातूनच मागे न्यायची असते. त्यामुळे प्रकाश रिफ्लेक्टरने गृहीत धरलेल्या जागेवरून निघत नाही. चांगल्या बनावटीच्या बल्बमध्ये पट्टी पातळ असते आणि चिप फिलामेंटच्या मापाच्या असतात, तिथे फरक कमी पडतो. स्वस्त बल्बमध्ये तो उघड दिसतो: भिंतीवर कड फुटलेली, मध्ये काळे पट्टे आणि वरच्या बाजूला सांडलेला उजेड. बल्बची कॉलर, म्हणजे बुडाची कडी, फिरवून चिप बरोबर डाव्या-उजव्या बाजूला, म्हणजे घड्याळातल्या ३ आणि ९ वर, आणल्या की थोडं सुधारतं. दुकानात घाईत बसवलेल्या कितीतरी गाड्यांत त्या वर-खाली राहिलेल्या असतात.

तरीही गिऱ्हाईक खूश होऊन जातं, कारण गाडीच्या पुढचे पंधरा-वीस मीटर लख्ख पांढरे दिसतात. फसगत इथेच होते. जवळचा उजेड वाढला की डोळ्याची बाहुली आकुंचन पावते, आणि लांबचं, जिथे उजेड वाढलेलाच नसतो, ते आणखी काळं होतं. रात्री जीव वाचतो तो लांबच्या उजेडावर. ताशी ८० किलोमीटरला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर ३३ मीटर तिथेच संपतात, आणि कोरड्या डांबरावर थांबायला आणखी ३५ मीटरच्या आसपास लागतात. म्हणजे ७० मीटरवर काय आहे ते दिसायला हवं. पावसात त्याहून बरंच लांबचं. हंगामात कोल्हापूर-सांगलीकडे उसाने भरलेली, मागे दिवा नसलेली ट्रॉली ज्या अंतरावर दिसायला हवी, ते अंतर हे. बॉनेटसमोरच्या पांढऱ्या गालिच्याचा तिथे उपयोग नाही.

खोक्यावरच्या ल्यूमेनच्या, म्हणजे एकूण प्रकाशाच्या मापाच्या, आकड्यावरही जाऊ नका. नियमातला एच४ बल्ब १३.२ व्होल्टवर अप्परला साधारण १६५० आणि डिप्परला साधारण १००० ल्यूमेन देतो. खोक्यावर २०,००० लिहिलेलं असतं, पण बल्ब ओढतो २५-३० वॅट. वॅटमागे शंभर-सव्वाशे ल्यूमेन धरले तरी बल्बमागे पावणेचार हजारांच्या वर आकडा जात नाही, आणि तोही गार असताना. चिप तापली की प्रकाश घटतो. म्हणून असा बल्ब पाहायचा असेल तर दुकानात लावल्या लावल्या नाही, वीस मिनिटं चालू ठेवून पाहावा.

उष्णतेचाच दुसरा त्रास मागच्या बाजूला असतो. एलईडी बल्बच्या शेपटाला पंखा किंवा धातूच्या पट्ट्या असतात, आणि हेडलाइटचं मागचं रबरी झाकण त्यावर बसत नाही. मग कोणी झाकण कापतं, कोणी काढूनच ठेवतं. पहिल्या पावसात आत पाणी आणि धूळ जाते, रिफ्लेक्टरची चकाकी उतरते, आणि पुन्हा हॅलोजन लावला तरी जुना उजेड परत येत नाही. पंखा बंद पडला तर बल्ब काही महिन्यांत लुकलुकायला लागतो. काही बल्बच्या ड्रायव्हरमुळे, म्हणजे त्यांना वीज पुरवणाऱ्या सर्किटमुळे, रेडिओत खरखर येते, आणि ज्या गाड्या बल्बचा करंट तपासतात त्यांच्या डॅशबोर्डवर बल्ब गेल्याची सूचना लागून राहते.

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाच्या मूळ तपशिलात परवानगीशिवाय बदल करता येत नाही, आणि २०१९च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. जर्मनीत २०२० पासून काही एलईडी बल्बना रस्त्यावर वापरायची मंजुरी मिळाली, पण ती सरसकट नाही. अमुक बल्ब, अमुक गाडीच्या अमुक हेडलाइटमध्ये, अशी यादी करून ती दिली जाते. प्रत्येक हेडलाइटमध्ये तोच बल्ब वेगळा वागतो, हे त्या यादीमागचं कारण.

साध्या हॅलोजनबद्दल तक्रार असते ती «उजेड पिवळा आणि मंद» अशी. पिवळा असणं हा दोष नाही. रंग जवळपास ३२०० केल्विन (हा आकडा कमी तितका उजेड पिवळसर), आणि त्या प्रकाशात तांबडी माती, तपकिरी गुरं, खाकी कपडे हे रंग खरे दिसतात. मंद असण्याचं कारण मात्र बऱ्याचदा बल्बमध्ये नसून वायरिंगमध्ये असतं. हॅलोजनचा प्रकाश व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो. १३.२ ऐवजी १२ व्होल्ट पोहोचले तर व्होल्टेज कमी होतं ९ टक्के, पण उजेड कमी होतो सुमारे २८ टक्के. जुन्या किंवा स्वस्त बांधणीच्या गाडीत सगळा करंट स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून फिरून येतो, आणि वाटेत व्होल्टेजची एवढी घट सहज होते.

ती मोजणं सोपं आहे. इंजिन चालू ठेवून डिप्पर लावा. मल्टिमीटरने बॅटरीच्या टोकांवर व्होल्टेज घ्या, १३.८ ते १४.२ च्या आसपास मिळायला हवं. मग कपलर, म्हणजे बल्बच्या मागचा वायरचा प्लग, बल्बला लावलेलाच ठेवून, मागच्या बाजूने पिनांना टोचून बल्बवर किती पोहोचतंय ते पाहा. कपलर काढून मोजलं तर करंट वाहत नसल्याने आकडा खोटा चांगला येतो. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर आधी अर्थची वायर उघडून घासून घट्ट करा. एवढ्याने भागलं नाही तर रिले, म्हणजे छोट्या करंटवर चालून मोठा करंट जोडणारा स्विच, बसवायचा: डिप्परला एक, अप्परला एक, ३० किंवा ४० अँपिअरचे. बॅटरीवरून अडीच चौरस मिलिमीटरची वायर, बॅटरीजवळच २० अँपिअरचा फ्यूज, तिथून रिलेच्या ३० नंबरच्या पिनेला. ८७ वरून बल्बला. जुनी हेडलाइटची वायर ८६ ला आणि ८५ अर्थला. काही जपानी घडणीच्या गाड्यांत स्विच अर्थच्या बाजूने असतो, म्हणजे कपलरमधली सामाईक पिन अर्थची नसून प्लसची असते. इलेक्ट्रिशियनने हे न तपासता तयार किट जोडलं तर अप्पर-डिप्परचा गोंधळ उडतो. शिवाय कंपनीच्या वॉरंटीतल्या गाडीची वायर कापू नये. कपलरवर कपलर बसणारं किटच घ्यावं.

याला सोपी वाट म्हणून १००/९० वॅटचा बल्ब सुचवला जातो. घेऊ नका. दोन्ही डिप्पर मिळून १५ अँपिअर ओढतात, मूळ होल्डर वितळतो, रिफ्लेक्टर करपतो, आणि रस्त्यावर तो नियमबाह्य आहेच. ६०/५५ मध्येच नामांकित कंपन्यांचे जास्त उजेडाचे बल्ब मिळतात. त्यांचं फिलामेंट जास्त तापलेलं आणि आखूड असतं, त्यामुळे झोत लांब जातो, पण आयुष्य साध्या बल्बपेक्षा बरंच कमी. रात्रीचा नेहमीचा प्रवास असेल तर तो सौदा परवडतो. निळी काच लावलेले «पांढरे» हॅलोजन मात्र उलट काम करतात. निळा थर उजेड गाळतो.

बल्ब लावताना काचेला बोट लागता कामा नये. त्वचेचं तेल लागलं की तेवढाच भाग जास्त तापतो आणि काच फुगते किंवा फुटते. लागलंच तर स्पिरिटने पुसून घ्या. तीन कान खाचेत बसले आहेत का ते पाहा. तिरका बसलेला बल्ब हा वाईट झोताचा फार नेहमीचा दोष आहे. रबरी झाकणाचं पाणी जाण्याचं भोक खाली ठेवा. हेडलाइटची काच पिवळी पडली असेल तर नव्या बल्बचा फायदा दिसणार नाही: ८०० पासून सुरू करून १५००, २०००, ३००० चा पाण्याचा पॉलिश पेपर, मग कंपाउंड, आणि शेवटी अतिनील किरण अडवणारा क्लिअर कोट. हा शेवटचा थर टाळून नुसती बफिंग करून दिली तर काही महिन्यांत काच पुन्हा पिवळी होते.

कंपनीच्या एलईडी हेडलाइटमध्ये प्रकाशाचा स्रोत, लेन्स आणि उष्णता काढणारी रचना एकमेकांसाठीच बनवलेली असते. कड धारदार, रुंदी जास्त, वीज हॅलोजनच्या निम्म्याहून कमी. घाटातल्या नागमोडी वळणावर ही रुंदी खरी उपयोगी पडते, कारण झोत सरळ जातो आणि रस्ता वळलेला असतो. पण एलईडी आहे म्हणून तो चांगलाच, असं नाही. अमेरिकेतल्या आयआयएचएस या गाड्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या संस्थेने २०१६ मध्ये ३१ मध्यम आकाराच्या गाड्यांचे हेडलाइट तपासले. «गुड» दर्जा एकालाच मिळाला, तो टोयोटा प्रियस व्ही च्या एलईडी आवृत्तीला. त्याच गाडीची हॅलोजन आवृत्ती «पुअर» ठरली. महागड्या गाड्यांपैकीही काही तळाशी होत्या.

नवी गाडी घेताना माहितीपत्रकातला «एलईडी» नेमका कशासाठी आहे ते विचारा. कधी फक्त दिवसा लागणारी पट्टी एलईडी असते आणि हेडलाइट हॅलोजन. कधी डिप्पर एलईडी आणि अप्पर वेगळा हॅलोजन, मग अप्पर मारला की रंग आणि पल्ला दोन्ही बदलतात. चाचणी फेरी अंधार पडल्यावर, दिवे नसलेल्या रस्त्यावर मागा. डिप्परवर डाव्या कडेचे किलोमीटरचे दगड किती लांबून दिसतात आणि चढ-उतारावर उजेडाच्या कडेच्या वर किती अंधार होतो, हे पाहा. धारदार कडेचा तोटा खड्ड्यांच्या रस्त्यावर कळतो: उजेडाची रेघ सतत वर-खाली नाचते.

आंबोली, महाबळेश्वरच्या धुक्यात पिवळा प्रकाश आरपार जातो असं सर्रास सांगितलं जातं. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी मोठे असतात, म्हणून ते सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात. फॉग लॅम्प चालतो तो खाली बसवलेला, रुंद आणि वरून कापलेला असतो म्हणून. मात्र निळसर पांढरा उजेड परत आला की डोळ्यांना जास्त टोचतो, आणि त्यामुळे धुक्यात हॅलोजन सुसह्य वाटतो, हे खरं. अप्पर कोणताही असो, धुक्यात तो लावू नये.

कोणताही दिवा असो, बल्ब बदलल्यावर फोकस सेट करणं सोडू नका. टायरमध्ये हवा बरोबर, ड्रायव्हरच्या जागी माणूस, लेव्हलर (झोत वर-खाली करणारं बटण) शून्यावर, सपाट जमीन. गाडी भिंतीला नाक लावून उभी करा, दोन्ही हेडलाइटच्या मध्याची उंची भिंतीवर टेपने आखा आणि सरळ ५ मीटर मागे या. हेडलाइटवर १.० टक्का छापलं असेल तर डिप्परची आडवी कड त्या रेघेच्या ५ सेंटिमीटर खाली हवी. १० मीटर मागे गेलात तर १० सेंटिमीटर. आपल्याकडे गाड्या डावीकडून चालतात, म्हणून कड डावीकडे वर चढलेली दिसली पाहिजे. उजवीकडे चढत असेल तर तो हेडलाइट परदेशी बाजारासाठीचा आहे, बदलून घ्या. मागे माणसं आणि सामान भरलं की लेव्हलर १ किंवा २ वर न्यायचा; न्यायला विसरलात तर डिप्परसुद्धा समोरच्याला अप्परसारखा लागतो.

खर्चाच्या हिशेबात एक गोष्ट धरा. हॅलोजन बल्ब काहीशे तासांत जातो, पण काहीशे रुपयांत आणि दहा मिनिटांत बदलतो. एक जादा बल्ब आणि फ्यूज डॅशबोर्डच्या खणात ठेवला की झालं. कंपनीचा एलईडी हजारो तास चालतो, मात्र बिघडला किंवा ठोकला गेला तर बऱ्याच गाड्यांत अख्खं युनिटच बदलावं लागतं आणि बिल हजारोंत जातं. काचेच्या आत पहाटे हलकी वाफ दिसून दिवा लावल्यावर ती जात असेल तर काळजी नाही. एलईडीची काच गार राहते, त्यामुळे वाफ जायला हॅलोजनपेक्षा वेळ लागतो. थेंब ओघळत असतील किंवा तळाशी पाणी साठलं असेल, तर फोटो काढून वॉरंटी संपायच्या आत गाडी सर्व्हिस सेंटरला न्या.