पक्कं लायसन: ट्रॅकला पाचपैकी चार, पोटासाठी गाडी चालवणाऱ्याला दोन

पुण्यात नाशिक फाट्याजवळच्या आयडीटीआर या ड्रायव्हिंग प्रशिक्षण संस्थेच्या ट्रॅकवर पक्क्या लायसनसाठी चारचाकीची टेस्ट नीट होते, हे आधी मान्य करू. आठच्या आकड्यात हाफ क्लचवर रांगत राहायचं, अ‍ॅक्सिलरेटरला पाय लावायचा नाही. रिव्हर्सच्या एच आकाराच्या ट्रॅकमध्ये बहुतेक जण स्टेअरिंग उशिरा वळवतात आणि चाक रेषेवर जातं. चढावर तर ठरलेली चूक: ब्रेकवरचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर जाईपर्यंत गाडी मागे येते. त्यापेक्षा हँडब्रेक ओढून ठेवा, क्लच हळूहळू सोडा. इंजिनाचा आवाज दबला, बॉनेट किंचित उचललं की हँडब्रेक खाली. नापास झालात तर सात दिवसांनी परत, तीनदा झालात तर साठ दिवस घरी.

सारथी या सरकारी वेबसाइटवरचं कागदी काम सुटसुटीत आहे. टेस्टची मूळ फी ३०० रुपये, लायसनची २००. लर्निंग सहा महिने चालतं, पण ३० दिवस झाले की लगेच स्लॉट घ्या, म्हणजे नापास झालात तरी हाताशी दिवस उरतात.

खोट पुढे आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ७,५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीलाही एलएमव्ही, म्हणजे हलक्या गाडीचं लायसन पुरतं, असं ठरवलं. टेम्पोवाल्यांचा एक हेलपाटा वाचला, चांगलंच झालं. पण रिकामी कार आठात फिरवून दाखवलेला माणूस दुसऱ्याच दिवशी भरलेला टेम्पो कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरवू शकतो. ट्रॅकवर चढ विचारतात, लांबलचक उतार कोणी विचारत नाही. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल केली की इंजिनाचा अटकाव जातो, सगळा भार ब्रेकवर येतो, लायनर तापतात आणि पेडल दाबूनही गाडी धावतच राहते. एअर ब्रेकच्या ट्रकचं इंजिनच बंद केलं तर आणखी वाईट: ब्रेकच्या टाकीत हवा भरणारा कॉम्प्रेसर थांबतो, दर दाबाला टाकीतली हवा कमी होते.

यासाठी नवा कायदा नको. मान्यताप्राप्त ट्रेनिंग सेंटरचा हलक्या गाडीचा कोर्स २९ तासांचा आहे, जड गाडीचा ३८. तो पूर्ण केला की आरटीओची टेस्ट माफ. त्यातले दोन तास वाळूची पोती भरलेल्या गाडीने उतार उतरायला राखून ठेवा, आणि भाड्याची गाडी चालवणाऱ्याला ते सक्तीचं करा.

तोवर नव्या ड्रायव्हरच्या हाती गाडी देणाऱ्या मालकांनी एवढं बजावावं: गिअर उतार लागायच्या आधी, बोगद्यातच खाली घ्यायचा. वेग चढल्यावर तो पडत नाही.